११,८८२ आणि ११,७१९ : दोन आकड्यांमधली तेहतीस वर्षे

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या पत्रव्यवहाराच्या पानावर अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. बॉस्टनमधील जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी त्यात एक साधी नोंद केली होती. रुग्णालयात दाखल असताना ज्यांना अफूवर्गीय वेदनाशामक, म्हणजे ओपिऑइड, किमान एकदा देण्यात आले, अशा ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णांत व्यसन जडल्याची उदाहरणे केवळ चार निघाली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात मार्शा रेबेल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यातील रुग्णांची संख्या ११,७१९, म्हणजे जवळजवळ तितकीच होती. मात्र हे सारे वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते आणि संशोधकांनी त्यांची नोंद रुग्णालयाच्या दारापाशी थांबवली नव्हती. रुग्ण घरी गेल्यानंतरच्या काळात त्यांना कोणती औषधे किती काळ दिली गेली, हे पाहिले गेले. हाती आलेले चित्र वेगळे होते. मोजमाप कुठे थांबते यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे या दोन आकड्यांमधल्या तेहतीस वर्षांचा इतिहास सांगतो.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची सुरुवात त्याआधीची. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नमार्ग जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वजन उतरत असे, पण कुपोषण आणि यकृताचे विकारही मागे लागत. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचाच एक लहान कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडला. ‘गॅस्ट्रिक बायपास’ या नावाने ती शस्त्रक्रिया रूढ झाली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तिच्यासाठी निकष ठरवून दिले : देहवस्तुमान निर्देशांक ४० वा त्याहून अधिक, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५. पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छेदांतून ती होऊ लागली आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला.

नेमक्या याच दशकात वेदनेकडे पाहण्याची अमेरिकन वैद्यकाची दृष्टी बदलत होती. नाडी, श्वसन, तापमान आणि रक्तदाब यांच्या जोडीला वेदना हे पाचवे जीवनलक्षण मानावे, असा आग्रह धरला जाऊ लागला. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे दीर्घकाळ परिणाम करणारे ओपिऑइड बाजारात आले. ही औषधे दीर्घकाळ दिली तरी व्यसन क्वचितच लागते, असे सांगताना १९८० च्या त्या पत्राचा आधार वारंवार घेतला गेला. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचे ६०८ संदर्भ शोधून काढले. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के संदर्भांत ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते. सुमारे ८१ टक्के लेखकांनी मूळ रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते, याचा उल्लेखच केला नव्हता. पत्रातील निरीक्षण रुग्णालयातील उपचारांपुरते होते. वाचकांनी ते घरच्या औषधांच्या डब्यालाही लावले.

हे दोन प्रवाह शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकत्र आले. अतिस्थूल रुग्णांपैकी अनेकांना गुडघे आणि पाठीच्या जुनाट वेदना असतात आणि त्यांतील काही जण शस्त्रक्रियेपूर्वीच ओपिऑइड घेत असत. वजन उतरले की सांध्यांवरील भार हलका होईल, वेदना कमी होईल आणि औषध आपोआप सुटेल, अशी त्यामागची साखळी होती. ती तर्कशुद्ध वाटत होती, म्हणूनच कदाचित ती तपासण्याची निकड फार काळ कुणाला भासली नाही.

रेबेल यांच्या अभ्यासात ९३३ रुग्ण, म्हणजे ८ टक्के, शस्त्रक्रियेपूर्वीच दीर्घकाळ ओपिऑइड घेणारे होते. त्यांच्यापैकी ७७ टक्के जणांचा हा वापर शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षातही तसाच सुरू राहिला. एवढेच नव्हे, तर या गटाची सरासरी दैनिक मात्रा पहिल्या वर्षी १३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ज्यांचे वजन अधिक उतरले आणि ज्यांचे कमी उतरले, त्यांच्यात या बाबतीत फरक दिसला नाही. साखळीचा शेवटचा दुवा तुटलेला होता. २०१७ मध्ये, अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील रुग्णांचा सात वर्षे मागोवा घेणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासाने याला दुजोरा दिला. ओपिऑइड घेणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी १४.७ टक्के होते. सहा महिन्यांनी ते १२.९ टक्क्यांवर उतरले आणि सातव्या वर्षी २०.३ टक्क्यांवर गेले. निरीक्षण सहा महिन्यांवर थांबवले असते, तर हीच यशोगाथा ठरली असती.

यामागे अनेक कारणे संभवतात. झिजलेली कूर्चा वजन उतरल्याने पुन्हा भरून येत नाही. बायपासनंतर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावी लागतात, कारण जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ व्रण होण्याचा धोका असतो. त्यामुळे ओपिऑइडला पर्यायच कमी उरतात. अन्नमार्ग बदलल्याने तोंडावाटे घेतलेले मॉर्फिन रक्तात अधिक वेगाने आणि अधिक प्रमाणात पोहोचू शकते. दीर्घ वापराने शरीर औषधाला सरावते, तोच परिणाम मिळण्यासाठी मात्रा वाढत जाते आणि औषध एकदम थांबवल्यास त्रास होतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. दीर्घकालीन वापर म्हणजे व्यसन नव्हे. या अभ्यासांनी औषधांचा वापर मोजला, व्यसनाचे निदान केले नाही. शिवाय त्यांत शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांचा तुलनागट नव्हता, त्यामुळे वाढीचा दोष शस्त्रक्रियेवर टाकता येत नाही. औषध आपोआप सुटते हे गृहीतक मात्र त्यांनी मोडीत काढले. त्यानंतरच्या वर्षांत पॅरासिटामॉल, पोटाच्या भिंतीतील नसा बधिर करणारी इंजेक्शने आणि लवकर चालते करणे यांची सांगड घालून ओपिऑइडचा वापर कमीत कमी ठेवण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल वाढला.

भारताचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर शिक्षा आणि परवान्यांची गुंतागुंत यांमुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत ९७ टक्क्यांनी घसरला. त्या वर्षी तो अवघा १८ किलो होता. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील असंख्य रुग्ण वेदनेने तळमळत राहिले. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या वेदनाशमन चळवळीने हा प्रश्न लावून धरला आणि २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक औषधांची वाट मोकळी झाली. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर सर्रास दिले जाणारे ट्रॅमाडॉल गैरवापरामुळे २०१८ मध्ये याच कायद्याच्या कक्षेत आणावे लागले.

आता भारतातही वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया वाढत आहेत. अमेरिकेच्या अनुभवाने घाबरून वेदनाशामक नाकारणे म्हणजे १९८५ नंतरची चूक पुन्हा करणे होय. औषध देऊन रुग्णाला विसरणे ही चूक अमेरिकेने करून पाहिलीच आहे. टाके सुकल्यावर, सहा महिन्यांनी आणि सात वर्षांनीही रुग्णाला वेदना किती आहे आणि तो कोणते औषध घेतो, हे विचारून लिहून ठेवणारी नोंदवही या दोन्ही चुका टाळू शकते. १९८० च्या पत्रात उणीव होती ती रुग्णांच्या संख्येची नव्हती. त्या रुग्णांचे घरी गेल्यावर काय झाले, हे त्यात विचारलेलेच नव्हते.