‘हिकारू नो गो’ : भुताच्या नावे गेलेले डाव

१/४
तलवार नाही, रक्तपात नाही. केवळ १९ × १९ रेषांचा पट आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. २००१ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या या अ‍ॅनिमे मालिकेत हेइआन काळातील साई या गोपटूचे भूत शाळकरी हिकारूला ‘गो’ शिकवते.

२/४
कथेनुसार हिकारूपूर्वी हे भूत तोराजिरोच्या सोबतीला होते. साई काल्पनिक; तोराजिरो मात्र खरा. तोच होनिन्बो शूसाकू (१८२९–१८६२). शोगुनच्या एदो किल्ल्यातील वार्षिक सामन्यांत त्याने सलग १९ डाव जिंकले.

३/४
तोकुगावा राजवट गोच्या चार घराण्यांना वृत्ती देत असे. साहजिकच किल्ल्यातील प्रत्येक डावात घराण्याची प्रतिष्ठा पणाला लागे. १८६२ च्या कॉलऱ्यात आपल्या घराण्यातील रुग्णांची शुश्रूषा करताना शूसाकू स्वतःच दगावला.

४/४
मुलांना पुन्हा पटाकडे वळवण्याचे श्रेय मालिकेचे निर्विवाद. परंतु तिने शूसाकूचे कर्तृत्व साईच्या खात्यावर मांडले. कथाकाराला ती मुभा आहे, आपल्याला नाही. मित्रहो, मालिका अवश्य पाहा. मात्र ते डाव हाडामांसाच्या माणसाने खेळले होते, हे विसरू नका.