दोन प्रोसेसर, एक जू

माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी बैलांची जोडी घेताना शेतकरी आधी एकेक बैल पाहतो, दात मोजतो, खूर तपासतो. पण पैसे देण्यापूर्वी तो दोघांना शेजारी चालवून बघतो. एक चपळ आणि दुसरा मंद असला, तर औत नीट चालत नाही. कंधारच्या एका शाळेसाठी जुन्या सुट्या भागांतून सर्व्हर जुळवताना आम्ही नेमके हेच विसरलो.

मदरबोर्डवर दोन सॉकेट होते. जुन्या बाजारातून आम्ही इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर आणले. दोघांच्याही तळाशी २०११ संपर्कबिंदू होते आणि दोन्ही आपापल्या सॉकेटात नीट बसले. यंत्र मात्र सुरू होईना. पहिल्या सॉकेटात एकटा प्रोसेसर ठेवला की चाले, दुसरा बसवला की थांबे. अखेर झाकणावरील अक्षरे भिंगाखाली वाचली. एक होता ई५-२६७० आणि दुसरा ई५-१६५०. वर्गणीतून जमवलेले पैसे एका आकड्यापायी अडकले होते. हा आकडा इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

एका यंत्रात अनेक प्रोसेसर ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बरोज कंपनीच्या १९६२ च्या डी८२५ या संगणकात चारपर्यंत प्रोसेसर एकाच सामाईक स्मृतीवर काम करीत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तो वेगळ्या वाटेने. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाला स्वतःची स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते.

या दोन वाटांतील फरक शाळेतल्या उदाहरणाने समजेल. दोन शिक्षक आपापल्या वर्गाचे निकालपत्रक करून एकमेकांना चिठ्ठी पाठवतात, ही झाली 'परम'ची रीत. चिठ्ठीची भाषा ठरलेली असली, की शिक्षक वेगवेगळ्या स्वभावाचे असले तरी चालते. म्हणूनच पुढे 'परम ८६००' मध्ये ट्रान्सप्युटरांच्या जोडीला इंटेलचे आय-८६० हे निराळे प्रोसेसर बसवता आले. पण दोघे एकाच निकालपत्रकाची पाने आपापल्या टेबलावर उतरवून घेऊन दुरुस्त करू लागले तर? एकाने गुण बदलले की दुसऱ्याला तत्क्षणी कळायला हवे, नाहीतर बेरीज चुकणार. सामाईक स्मृतीच्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसर आपल्याजवळच्या कॅशमध्ये अशीच नक्कल ठेवतो. ही नक्कल जुळती ठेवण्याचे नियम दोघांनाही तंतोतंत पाळावे लागतात.

१९९४ मध्ये इंटेलने बहुप्रोसेसर संगणकांसाठी नियमावली प्रसिद्ध केली. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये चारपर्यंत प्रोसेसर एकाच सामाईक मार्गावर जोडता येत. २००९ पासून इंटेलच्या दोन सॉकेटांच्या सर्व्हरांत या मार्गाऐवजी 'क्विकपाथ' हा थेट दुवा आला. प्रोसेसरपासून निघणारा दुवा ही ट्रान्सप्युटरचीच कल्पना, पण आता त्यावरून नकला जुळवण्याचे कामही होऊ लागले.

आमची चूक इथेच होती. ई५ मालिकेत रेघेनंतरचा पहिला आकडा एकत्र बसू शकणाऱ्या प्रोसेसरांची कमाल संख्या सांगतो. '२६७०' जोडीने काम करतो. '१६५०' हा एकांडा, त्यात क्विकपाथचा दुवाच वापरात नाही. सॉकेटात बसला तरी तो शेजाऱ्याशी बोलणार कसा?

अशी जुळणी करू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी पुढील क्रम पाळावा. प्रथम मदरबोर्ड बनवणाऱ्याची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. मग दोन्ही प्रोसेसरांचा पूर्ण क्रमांक एकच आहे ना, हे पाहावे. नावापुढील 'व्ही२', 'व्ही३' ही पिढीची खूण विसरू नये. २०१२ चा २६७० आणि २०१३ चा २६७० व्ही२ एकाच प्रकारच्या सॉकेटात बसतात, पण त्यांची जोडी लावता येत नाही. शिवाय व्ही२ साठी मदरबोर्डचे बायॉस नवे करावे लागू शकते. २०१४ च्या व्ही३ चे संपर्कबिंदूही २०११ च, पण त्याचा सॉकेट निराळा. झाकणावर 'एसआर'ने सुरू होणारी छोटी संज्ञा असते. तिच्यावरून स्टेपिंग, म्हणजे त्याच चिपची सुधारित आवृत्ती, ओळखता येते. तीही सारखी असावी. शेवटी उष्णता पाहावी. २६७० साठी ११५ वॅट आणि २६९० साठी १३५ वॅट सांगितले आहेत. बोर्ड आणि पंखा यांना ते झेपले पाहिजेत.

पुढे आम्ही दुसरा २६७० मिळवला, दोन्ही झाकणांवरची संज्ञा ताडून पाहिली आणि मगच पैसे दिले. यंत्र सुरू झाले. तो एकांडा १६५० आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मुले भिंग घेऊन त्याच्यावरील अक्षरे वाचतात आणि दुसऱ्या सॉकेटात हा का चालला नाही, ते एकमेकांना समजावून सांगतात.