खोट्या पापण्या, खरा डोळा

आजच्या भागाची सुरुवात घरातल्याच एका किश्श्याने करतो. ताईने तिच्या रिसेप्शनला पहिल्यांदाच खोट्या पापण्या लावल्या, म्हणजे आपल्या त्या आयलॅशेस. फोटो एकदम झकास आले. पण सकाळी उठली तर एक डोळा सुजून जवळपास बंद! सासरचा पहिला दिवस तिने गॉगल लावून काढला. डॉक्टर म्हणाले, "पापण्यांचा दोष नाही, गोंदाचा आहे." मी पडलो कोडिंगवाला, मूळ कारण सापडेपर्यंत चैन पडत नाही. शोधायला बसलो, तर ताईची तक्रार शंभर वर्षांहून जुनी निघाली.

कॅनडाच्या अ‍ॅना टेलर यांनी १९११ मध्ये अमेरिकेत कृत्रिम पापण्यांचं पेटंट घेतलं. तरी श्रेय बऱ्याचदा मिळतं ते हॉलिवूडचे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांना. १९१६ चा त्यांचा 'इन्टॉलरन्स' हा मूकपट. संवाद ऐकूच येणार नाहीत, म्हटल्यावर बोलायचं ते डोळ्यांनी. त्यांना सीना ओवेन या अभिनेत्रीच्या पापण्या गालाला टेकतील इतक्या लांब हव्या होत्या. मग विग बनवणाऱ्याने माणसाचे केस बारीक जाळीवर विणले आणि स्पिरिट गमने चिकटवले. हो, तोच स्पिरिट गम, ज्याने आपल्याकडे नाटकात दाढी-मिशा चिकटवतात!

पुढे काय झालं, ते लिलियन गिश या अभिनेत्रीने आत्मचरित्रात सांगितलंय. एके दिवशी सीना सेटवर आली ती सुजलेले, जवळजवळ मिटलेले डोळे घेऊन. नशीब, महत्त्वाची दृश्यं आधीच चित्रित झाली होती. म्हणजे सिनेमा वाचला. डोळ्यांचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न ऐरणीवर आला १९३३ मध्ये, आणि तो पापण्या रंगवण्याच्या एका डायमुळे. नाव 'लॅश ल्युअर'. त्यात पॅराफेनिलिनडायमिन नावाचं रसायन होतं. ते लावून काही बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, एकीची तर दृष्टीच गेली. आणि सरकार? हातावर हात ठेवून बसलेलं. कारण अमेरिकेचा १९०६ चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात नव्हतीच! मग तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा घातक वस्तूंचं प्रदर्शनच भरवलं. त्यात त्या बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावले. लोक हादरले. अखेर १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि त्याखाली सुरुवातीलाच जप्त झालेल्या मालात लॅश ल्युअर होतं. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आली ती १९६२ च्या दुरुस्तीने.

थोडक्यात, बाटलीवर छापलेली घटकांची यादी आणि इशारे फुकट मिळालेले नाहीत. कुणीतरी त्यासाठी डोळा गमावलाय. तेव्हा ते बारीक अक्षर वाचा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचा गोंद घ्या. कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. टेस्टिंग न करता कोड थेट लाइव्ह करतो का आपण? मग डोळ्यावर का?

लांबी निवडतानाही एक गंमत लक्षात ठेवा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश लांबी सगळ्यात फायद्याची निघाली: धूळ कमी, ओलावा टिकतो. त्याहून फार लांब असल्या, तर उलट वारा डोळ्याकडे वळतो आणि डोळा कोरडा पडतो.

पट्टी आधी डोळ्यावर धरून मापून घ्या, जास्तीची असेल तर बाहेरच्या टोकाकडून कापा. गोंद लावल्यावर अर्धा मिनिट थांबा, थोडा चिकट होऊ द्या. झोपण्याआधी न ओढता, रिमूव्हरने हळूच काढा. आणि मैत्रिणीशी शेअर? अजिबात नाही.

ताई परवा एका लग्नाला गेली होती, पुन्हा पापण्या लावून. या वेळी मात्र दोन दिवस आधी तिच्या हातावर गोंदाचा थेंब होता. गॉगल घरीच राहिला.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर डोळे सांभाळा!