दोन रिव्हेट आणि एक पट्टी : जुन्या गाडीची ओळख कशात असते?

सेकंडहँड गाडी नावावर करून घेताना आरटीओच्या कागदांवर एक छोटा ठसा द्यावा लागतो. चेसिस नंबरवर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. धातूवर कोरलेले आकडे कागदावर उमटतात. एजंट हे काम दोन मिनिटांत उरकतो आणि आपण तिकडे बघतही नाही. आपल्या लेखी गाडीचा नंबर म्हणजे पुढे-मागे रंगवलेला नंबर. खरे तर तो सरकारने दिलेला असतो आणि बदलू शकतो. गाडी जन्माला येताना कारखान्याने दिलेला नंबर वेगळा असतो. तो कधी लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, तर कधी बोटभर पट्टीवर उमटवून ती पट्टी रिव्हेटने बसवलेली असते.

ही पट्टी काढून, साफ करून पुन्हा बसवणे हा जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये फार नाजूक विषय आहे. वरवर पाहता काम सोपे आहे : दोन रिव्हेट काढा, रंग मारा, पट्टी परत लावा. पण या सोप्या कामापायी अमेरिकेत एका माणसाची गाडी काही वर्षे पोलिसांच्या ताब्यात राहिली आणि शेवटी एका राज्याला कायदा बदलावा लागला. अस्सल म्हणजे काय, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा जुना प्रश्न इथे गॅरेजमध्ये येऊन उभा राहतो.

आधी या नंबरांचा इतिहास पाहू. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने नंबर टाकत असे. कुणी इंजिनवर, कुणी सांगाड्यावर, कुणी पितळी पट्टीवर. कारखान्याच्या वहीत त्या नंबरासमोर गाडीचा तपशील आणि ती कुणाला पाठवली ते लिहिलेले असे. हेतू हिशेबाचा होता. पुढे गाड्या वाढल्या, चोऱ्या वाढल्या आणि हाच नंबर पोलिसांच्या कामाचा झाला. अमेरिकेत १९६९ पासून तो समोरच्या काचेतून बाहेरूनच वाचता यावा असा नियम झाला, आणि १९८१ च्या मॉडेलपासून सगळ्या कंपन्यांसाठी १७ अक्षर-आकड्यांची एकच पद्धत ठरली. तिच्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात.

नंबराच्या पट्टीखेरीज आणखी पट्ट्या असतात. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांवर बॉडीची वेगळी पट्टी असे. तिच्यावर बॉडीचा प्रकार, रंगाचा आणि आतल्या कापडाचा सांकेतिक क्रमांक असे. क्रायस्लर कंपनीच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत बॉनेट उघडले की आतल्या बाजूला एक पातळ पट्टी दिसते. गाडीत कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स आणि कोणत्या जास्तीच्या सोयी घातल्या, हे तिच्यावरच्या खुणांतून वाचता येते. त्याच काळात कारखान्यातल्या कामगारांसाठी छापलेला कागद कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकून राहायचा. आज सीट उसवताना तो कागद सापडला तर मालकाला सोने सापडल्यासारखे वाटते. कारण साधे इंजिन असलेली गाडी आणि तीच गाडी कारखान्यातूनच मोठे इंजिन घालून आलेली असेल, तर दोघींच्या किमतीत प्रचंड अंतर पडते. इंजिन आज कुणीही बदलू शकतो. ते पहिल्यापासूनच तिथे होते, याची साक्ष मात्र ही पट्टी देते.

एवढे मोल असल्यामुळेच बनावट पट्ट्याही निघाल्या. कुजलेल्या, अपघातात गेलेल्या गाडीची अस्सल पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचे प्रकारही झाले. म्हणून जाणकार खरेदीदार पट्टी वाचण्याआधी तिचे रिव्हेट बघतो. जनरल मोटर्सने साठच्या दशकाच्या मध्यापासून नंबराच्या पट्टीसाठी खास रिव्हेट वापरले. त्यांचे डोके सहा पाकळ्यांच्या फुलासारखे दिसते. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला साधा गोल रिव्हेट दिसला, की पट्टी कधीतरी निघाली होती हे उघड होते.

पण पट्टी निघण्याचे कारण दरवेळी चोरीच असते असे नाही. साठ वर्षांच्या गाडीचा पत्रा गंजतो. पट्टीच्या मागे पाणी साचून तिथला पत्रा आधी जातो. तो कापून नवा पत्रा जोडायचा, तर पट्टी काढावीच लागते. बॉडी पूर्ण खरवडून रंगवायची असेल तरीही तेच. तशीच ठेवून रंग मारला तर आकडे रंगाखाली बुजतात, आणि वाळूच्या फवाऱ्यात सापडली तर आकडेच घासून जातात.

चांगला कारागीर इथे हात आखडता घेतो. शक्य असेल तर पट्टी काढतच नाही, तिच्यावर चिकटपट्टी लावून भोवतीचे काम करतो. काढावीच लागली तर आधी जागेवरचे फोटो घेतो : लांबून, जवळून, रिव्हेटचे आणि काढल्यावर मागच्या बाजूचेही. रिव्हेट हळूच काढून डबीत जपून ठेवतो. पट्टी ॲल्युमिनियमची असो वा पितळेची, तिला पॉलिश पेपर लावत नाही, कारण उमटवलेल्या आकड्यांची धार गेली की परत येत नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश एवढ्यावर भागवतो. खोलगट भागातला काळा रंग उडाला असेल तर तेवढाच भरतो. अस्पष्ट आकडा पुन्हा ठोकून ठळक करण्याचा मोह टाळतो. आणि शेवटी पट्टी त्याच भोकांवर, त्याच प्रकारच्या रिव्हेटने बसवतो. पत्रा नवा असला तर भोकांचे अंतर जुन्या पत्र्यावरून मोजून घेतो.

आता कॅन्ससची गोष्ट. २०१६ मध्ये या राज्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी दुसऱ्या एका राज्यातून १९५९ ची शेव्हरोले कॉर्वेट विकत घेतली. किंमत सुमारे पन्नास हजार डॉलर. परराज्यातली गाडी नोंदवण्याआधी पोलिसांकडून नंबर तपासून घ्यावा लागतो, म्हणून २०१७ मध्ये ते स्वतःच गाडी घेऊन गेले. पट्टी काढून पुन्हा बसवली आहे, हे तपासनिसाच्या लक्षात आले. आधीच्या कुणीतरी गाडी नव्याने उभी करताना ते केले होते. त्या वेळच्या राज्याच्या कायद्यात अशा गाडीसाठी एकच वाट होती : जप्त करा आणि नष्ट करा. मालक निर्दोष आहे हे सरकारलाही मान्य होते. पण कायद्यात हेतूला जागा नव्हती. पट्टी हलली होती, एवढे पुरेसे होते.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र ही जागा होती. १९८४ मध्ये वाहनचोरी रोखण्यासाठी झालेल्या कायद्याने नंबर जाणूनबुजून काढणे, पुसणे वा बदलणे हा गुन्हा ठरवला आणि पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्याच कायद्यात दुरुस्तीसाठी नंबर काढणे गरजेचे असेल तर तो गुन्हा नाही, असेही म्हटले आहे. राज्याच्या कायद्याला धरून नंबर पुन्हा बसवणाऱ्यालाही सूट आहे. म्हणजे शेवटी बोट राज्याच्या कायद्याकडेच जाते, आणि कॅन्ससचा कायदा गप्प होता. या प्रकरणाची चर्चा झाली, आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली : जुन्या गाडीच्या रिस्टोरेशनसाठी पट्टी काढून परत लावली असेल, तर तेवढ्या कारणाने गाडी जप्त होणार नाही. त्यानंतर ती कॉर्वेट मालकाकडे परत आली. मधली वर्षे कोर्टकचेरीत गेली आणि गाडी सरकारी आवारात पडून राहिली.

पोलिसांचा संशय मला अगदीच निराधार वाटत नाही. या बाबतीत आपल्या दख्खनच्या इतिहासात एक चांगला दाखला आहे. आरटीओत आपण जसा नंबराचा ठसा घेतो, तसाच ठसा पुरालेखांचे अभ्यासक शिलालेखांचा आणि ताम्रपटांचा घेतात. जुने ताम्रपट बहुधा एकाहून अधिक पत्र्यांचे असत. पत्र्यांना भोक पाडून त्यांतून एक कडी ओवत आणि कडीची टोके राजमुद्रेत पक्की जोडत. राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड, बदामीच्या चालुक्यांच्या मुद्रेवर वराह. ताम्रपट प्रसिद्ध करताना अभ्यासक एक बारीक नोंद करतात : हाती आला तेव्हा कडी अखंड होती की कापलेली. कडी अखंड असेल तर मधला पत्रा कुणी बदललेला नाही, हे मानायला आधार मिळतो. कापलेली असेल तर अक्षरवळण, भाषा, वंशावळ आणि तिथी पुन्हा तपासावी लागते. कारण जमिनीच्या लोभाने बनावट ताम्रपटही तयार झाले होते.

राजमुद्रेची कडी आणि गाडीचे रिव्हेट यांचे काम एकच आहे. दोन गोष्टी पहिल्यापासून एकत्र होत्या, हे जोड सांगतो. मात्र कडी कापलेली दिसली म्हणून अभ्यासक ताम्रपट वितळवत नाहीत. बरेचदा वाचायला सोपे जावे म्हणून ती नंतरच कापलेली असते. ते नोंद करतात आणि दुसरे पुरावे शोधतात. कॅन्ससचा जुना कायदा नेमका इथे चुकत होता. तो कापलेली कडी पाहून थेट ताम्रपट भट्टीत घालायला निघाला होता.

दुसऱ्या टोकाचा प्रश्न इंग्लंडमध्ये आला. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही रेसिंगची गाडी १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात बदल होत गेले. इंजिन बदलले, सांगाडा बदलला, बॉडी बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिला भीषण अपघात झाला, चालक ठार झाला आणि नंतर गाडी पुन्हा नव्या रूपात बांधली गेली. अनेक दशकांनी एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा घेणाऱ्याने हात मागे घेतला : ही ती गाडीच नव्हे! प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेले. १९९० च्या निकालात न्यायाधीशांनी मान्य केले की शर्यत जिंकणाऱ्या गाडीचे फार थोडे भाग आता उरले आहेत. पण बदल टप्प्याटप्प्याने झाले, त्यांचा इतिहास सलग आहे आणि या नावावर दावा सांगणारी दुसरी गाडी कधीच अस्तित्वात नव्हती. म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिचेच.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने अशा प्रश्नांसाठी अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली. मूळ सांगाड्याला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. जुना नंबर टिकवायचा तर किमान ८ गुण लागत आणि त्यांत सांगाड्याचे ५ असावेच लागत. ज्या इंजिनाचे आपण एवढे कौतुक करतो, त्याला इथे सगळ्यांत कमी गुण!

आपल्याकडेही हा विषय आता परका राहिलेला नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत कारखाना घातला. परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या शेव्हरोले गाड्या इथे जोडल्या जात. पुढे कुर्ल्याला प्रीमियरच्या फियाट आणि पद्मिनी तयार झाल्या. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे आजोबांची फियाट गॅरेजला देताना पट्टीची काळजी आपल्यालाही घ्यावी लागणार. मिस्त्रीने रंगासाठी पट्टी उचकटली आणि भंगाराच्या डब्यात टाकली, तर गाडी चकचकीत होईल, पण तपासणीच्या दिवशी ती कोण हे सांगायला काही उरणार नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी पट्टीचे फोटो काढा, आरसी बुकातला नंबर तिच्याशी ताडून पाहा आणि पट्टी कधी, का, कुणी काढली आणि कधी बसवली, ते तारखेनिशी लिहून बिलांसोबत ठेवा.

उर्दू आणि मराठी शिकवताना शब्दांची मुळे फळ्यावर लिहायची मला सवय आहे. आपला ‘अस्सल’ अरबीतल्या ‘अस्ल’ वरून आला. त्याचा अर्थ मूळ, पाया. ‘सनद’ ही अरबीतूनच आली आणि तिच्या मुळाशी टेकण्याचा, आधाराचा अर्थ आहे. दोन्ही शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. जुन्या गाडीला दोन्ही लागतात. पट्टी आणि सांगाडा हे तिचे अस्ल. पट्टी काढली तेव्हाचे फोटो, डबीतले जुने रिव्हेट आणि तारखांची ती वही ही तिची सनद. अस्ल झिजते, कधी हलवावेही लागते. त्या दिवशी काय झाले हे कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवले असेल, तर पुढच्या मालकाला आणि पुढच्या तपासनिसाला टेकायला जागा मिळते.