जपानचे नीतिपाठ

एखाद्या राष्ट्राचें मन जाणावयाचें असेल, तर त्याच्या तहनाम्यांपेक्षां त्याच्या मुलांचीं क्रमिक पुस्तकें उघडावीं. जपानी शाळांतील 'शूशिन', म्हणजे आत्मसंस्कार, ह्या विषयाचीं जुनीं पुस्तकें इंग्रजी भाषांतरांतून वाचतांना आम्हांस हें विशेषेंकरून पटलें.

१८७२ च्या शिक्षणकायद्यानें हा विषय शाळेंत आला आणि १८९० मध्यें निघालेलें सम्राट मेइजी ह्यांचें शिक्षणविषयक आज्ञापत्र त्याचें अधिष्ठान झालें. पुढें पाठ्यपुस्तकें लावून घेण्यासाठीं प्रकाशकांनीं लांच दिल्याचें प्रकरण १९०२ मध्यें उघडकीस आलें. तेव्हां १९०४ पासून सरकारनें स्वतःचींच पुस्तकें चालू केलीं.

त्या पहिल्या सरकारी मालेंत लिंकन आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आहे. लाकडांचा भारा वाहतां वाहतां वाचणारा म्हणून प्रसिद्ध असलेला निनोमिया किंजिरो हा शेतकऱ्याचा मुलगाही आहे. ह्यांत कोणता बाप दोष काढील? पण त्याच मालेंत, १८९४ च्या चीनयुद्धांत मरतांनाही ओठांचें बिगूल न सोडणारा कीगुची कोहेइ हा शिपाई आहे. हा मान प्रथम शिराकामी गेंजिरो ह्या दुसऱ्याच बिगूलवाल्यास मिळाला होता. नांव बदललें, धडा मात्र तोच राहिला!

ह्या पाठांचें मर्म आज्ञापत्राच्या रचनेंतच आहे. मातापित्यांची सेवा, बंधुप्रेम, मित्रनिष्ठा, विद्याभ्यास अशा पायऱ्या चढत विद्यार्थी शेवटीं संकटकाळीं राज्यासाठीं देह वेंचण्याच्या पायरीवर येतो. प्रत्येक गुण स्वतः निर्दोष. पण सर्व नद्या एकाच समुद्रास मिळतात, आणि तो समुद्र म्हणजे सिंहासन. आज्ञाच अन्याय्य असेल तर काय करावें, हा पाठ आम्हांस कोठें आढळला नाहीं. १९१०, १९१८, १९३३ व १९४१ सालीं नव्या आवृत्त्या निघाल्या. १९४१ च्या आवृत्तींत तर युद्धाचाच सूर सर्वांत मोठा झाला.

३१ डिसेंबर १९४५ रोजीं विजेत्यांच्या हुकुमानें हा विषय थांबला. १९४८ मध्यें जपानी संसदेनें आज्ञापत्रही रद्द ठरविलें. तथापि १९५८ मध्यें नीतिशिक्षणाचा तास परत आला, आणि २०१८ पासून प्राथमिक शाळांत त्यास स्वतंत्र विषयाचें स्थान व पाठ्यपुस्तकें मिळालीं. ह्यांत आश्चर्य नाहीं. मुलांना नीति शिकविल्यावांचून कोणताही समाज राहत नाहीं.

प्रश्न एवढाच, कीं ती नीति कोणाच्या चरणीं वाहिली जाते. नम्रपणें 'नाहीं' म्हणणें हाही सद्गुणच आहे, असें ज्या पुस्तकांत एकदां तरी लिहिलेलें नाहीं, तें कितीही गोड असो, पालकांनीं तें दोनदां वाचून मगच मुलांच्या हातीं द्यावें.