वीतभर ओल

अठरा मे म्हटलं की परभणीत खरीप मेळावा. कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन हाच. आभाळ तापलेलं, मंडपात घामाघूम गर्दी आणि बियाण्याच्या पिशवीसाठी लागलेल्या रांगा. भाषणं संपेपर्यंत निम्मा मंडप बियाणं घेऊन एसटी स्टँडवर पोचलेला असतो. चाळीसेक वर्षं मी हे बघतोय. आधी विद्यार्थी म्हणून, मग विस्तार विभागातला माणूस म्हणून.

परभणीच्या मातीला प्रयोगाची सवय जुनी. निजामाच्या राज्यात 1918 साली इथं प्रायोगिक शेत सुरू झालं, 1956 साली कृषी महाविद्यालय आलं. विद्यापीठ झालं 18 मे 1972 रोजी, आणि त्याच पावसाळ्यानं दगा दिला. ज्यांना सुधारित बियाणं सांगायचं ते शेतकरी खडी फोडायला गेले होते आणि त्यांची पोरं सुकडीच्या रांगेत उभी होती. ‘हवामान बदल’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही ‘कोरडवाहू’ म्हणायचो, ‘पावसाचा खंड’ म्हणायचो. पण धडा तिथूनच सुरू झाला.

हवामानशास्त्र शेतापर्यंत यायला मात्र बराच काळ लागला. हवामान खात्यानं पुण्यात कृषी हवामान विभाग 1932 साली काढला, तो डॉ. एल. ए. रामदास यांनी उभा केला. 1945 पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामान वार्ता सुरू झाली. आमच्या गावात रेडिओ एकच, तोही पाटलांच्या ओसरीवर. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द आले की म्हातारी माणसं हसायची, कारण ते ठिकाण आपलं कधीच नसायचं.

शेवटच्या वर्षी आम्हा विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला पाठवत. आता मुलांना कृषीदूत आणि मुलींना कृषीकन्या म्हणतात. आम्हाला नुसतं ‘कॉलेजची पोरं’ म्हणायचे. मी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि फळ्यावर खडूनं आकडा लिहायचा. शिकवण एकच होती : पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

चौथ्या दिवशी एक आबा फळ्यापुढं थांबले.

“लेकरा, हे बावन्न काय हाय?”

“पाऊस, आबा. मिलिमीटर.”

“ते ऱ्हाऊ दे. ओल किती गेली ते सांग.”

मला सांगता येईना. ते मला त्यांच्या रानात घेऊन गेले. खुरप्यानं काळी माती उकरली आणि हाताचा पंजा आत घातला. ओल चार बोटं गेली होती, खाली कोरडा ढेकूळ. वरची माती मुठीत दाबून त्यांनी खाली टाकली. गोळा फुटला नाही, तसाच चिकटून राहिला. “वर चिखल, खाली धूळ. वाफसा न्हाई. वीतभर ओल गेली की पेरू.”

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर तिसरा रकाना आला : ओल. त्यात बोटं लिहायचो. त्यानंतर फळ्यापुढं माणसं थांबू लागली. त्यातल्या दोघांनी धूळपेरणी केली होती. पुढं खंड पडला आणि त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली. आबांनी उशिरा पेरलं, पण एकदाच पेरलं.

अहवाल लिहिताना मात्र तो रकाना मीच गाळला. बोटं हे काही माप नव्हे, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर शिकवणं पुष्कळ बदललं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाधारित कृषी सल्ला निघू लागला आणि तो मोबाईलवर येऊ लागला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं काढणीला आलेला गहू-हरभरा झोपवला, आणि दोनच वर्षांनी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सोयाबीनसाठी विद्यापीठानं रुंद वरंबा सरीचा आग्रह धरला, कारण पाऊस दडला तर ती सरी ओल धरते आणि धो धो आला तर पाणी काढून देते. बदनापूरच्या केंद्रातून ‘बीडीएन 711’ ही लवकर येणारी तूर आली. 2018 पासून ‘पोकरा’ प्रकल्प गावोगाव फिरला आणि ‘हवामान अनुकूल शेती’ हे शब्द ग्रामसभेच्या इतिवृत्तात आले.

या सगळ्यात जे टिकलं ते शेतकऱ्यानं आपल्या हातानं ताडून पाहिलेलं. अंदाज चुकला तर दोष खात्याला जातो. मृग हुकला तर नक्षत्राला जातो, आणि मृगही आता पूर्वीसारखा वेळ पाळत नाही. मातीत घातलेला पंजा मात्र पुढचं काही सांगत नाही. झालेलं तेवढं सांगतो.

गेल्या जूनमध्ये एका कृषीकन्येनं मला तिची वही दाखवली : तारीख, मिलिमीटर, सल्ला. आकडे नेटके होते. मी पेन मागितलं आणि चौथा रकाना आखून दिला. तिनं विचारलं, “सर, यात काय भरायचं?”

“खुरपं घे,” म्हटलं, “आणि चल.”