फुलब्राइट विद्यावेतनाची जन्मकथा

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि अमेरिकेचे सैन्य मायदेशी परतू लागले. सैन्याबरोबर परदेशी गेलेले सामान मात्र परत नेणे परवडण्यासारखे नव्हते. मालमोटारी, रेल्वेची एंजिने, हत्यारे-अवजारे, औषधे, डबाबंद अन्न अशा वस्तूंचे ढीग युरोपात, आशियात आणि पॅसिफिक महासागरातील बेटांवर पडून राहिले. घेणारे पुष्कळ होते. परंतु त्यांच्यापाशी डॉलर नव्हते. युद्धाने नागवलेले देश फार तर आपल्या चलनात किंमत चुकवू शकत, आणि ते चलन त्या देशाबाहेर कोणी हाती धरत नसे. इकडे सामान गंजत होते, तिकडे मिळणारा पैसा घरी नेता येत नव्हता.

या पेचातून एक वाट जे. विल्यम फुलब्राइट यांना दिसली. आर्कान्सा राज्यातून ते त्याच वर्षी सेनेटवर आले होते. विद्यार्थिदशेत ऱ्होड्स विद्यावेतन मिळवून ते ऑक्सफर्डला शिकले होते, आणि पुढे आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्षही होते. दुसऱ्याच्या पैशाने परदेशी शिकल्याने माणसाची दृष्टी किती पालटते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी एक विधेयक मांडले. त्या त्या देशात अडकलेला हा पैसा तेथेच विद्येवर खर्चावा. अमेरिकन विद्यार्थी आणि प्राध्यापक तेथे जावेत, तेथील लोकांच्या प्रवासाचा खर्च भागवावा, एवढीच त्यातील योजना होती. करदात्याकडे नवा पैसा मागायचा नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. सेनेटमध्ये विधेयक चर्चेवाचून संमत झाले, आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. एका देशात एका वर्षी दहा लाख डॉलरच्या किमतीपेक्षा अधिक चलन खर्चू नये, अशी मर्यादा त्यात होती. मोठ्या भाषणांनी जे साधले नसते, ते सामानाच्या हिशेबाच्या आडोशाने साधले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

कल्पना अगदीच नवी नव्हती. १९०० सालच्या बॉक्सर उठावानंतर परकीय सत्तांनी चीनवर ४५ कोटी टेलची खंडणी लादली होती. आपल्या वाट्याला आलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त आहे हे अमेरिकेने १९०८ साली मान्य केले, आणि जादा पैशातून चिनी तरुण अमेरिकेत शिकू लागले. १९१० च्या तुकडीत गेलेले हू शि पुढे कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांचे शिष्य झाले आणि चिनी भाषेत बोलभाषेच्या लेखनाची चळवळ त्यांनी उभी केली. त्याच विद्यापीठात, त्याच ड्युईंच्या व्याख्यानांना त्याच सुमारास एक मराठी विद्यार्थीही बसत असे. ते भीमराव आंबेडकर. एकजण खंडणीच्या पैशावर आला होता, दुसरा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या विद्यावेतनावर.

बडोद्याच्या या विद्यावेतनाची कथा मुद्दाम आठवावी अशी आहे. १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांसाठी ते मंजूर झाले. त्याबदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. डॉ. आंबेडकर १९१७ साली तो करार पाळावयास बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव बदलून पारशी पथिकाश्रमात काढलेले दिवसही त्यांना हाकलून देण्यातच संपले, आणि नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. महाराजांचे औदार्य खरे होते. पण दान देणारा दरबार आणि परत येणाऱ्याचे स्वागत करणारे गाव या दोन निराळ्या गोष्टी होत्या. विद्यावेतनाचा इतिहास सांगताना पाठवणीचे वर्णन भरपूर होते आणि परतीचे बहुधा राहूनच जाते.

फुलब्राइट योजनेत असे बंधपत्र नव्हते. तिची खरी मेख निवडीत होती. उमेदवार कोणी निवडावेत? हे काम सरकारी खात्याकडे राहिले असते तर योजना प्रचाराचे साधन झाली असती. म्हणून अध्यक्षांनी नेमलेल्या, बहुतांशी विद्याक्षेत्रातील लोकांच्या मंडळाकडे शेवटचा शब्द ठेवला, आणि प्रत्येक देशात उभय देशांचे सभासद असलेली संस्था स्थापन केली. पहिला करार नोव्हेंबर १९४७ मध्ये चीनशी झाला. त्या करारान्वये गेलेले चिनी विद्येचे अभ्यासक डर्क बॉड १९४८ साली पेकिंगला पोहोचले, आणि काही महिन्यांतच त्यांनी शहर साम्यवादी सैन्याच्या हाती जाताना पाहिले. त्यानंतर चीनमधील योजना लवकरच बंद पडली.

भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला; पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी त्यावर सह्या केल्या. परंतु येथे योजनेतील उणीव स्पष्ट दिसू लागली. रुपयांच्या बळावर अमेरिकन विद्यार्थी भारतात सुखाने राहू शके. भारतीय विद्यार्थ्याला मात्र त्या रुपयांतून समुद्रप्रवासाचे भाडेच मिळे. तेथील शुल्क आणि पोटापाण्याची सोय यांसाठी डॉलर लागत, ते एखाद्या विद्यापीठाकडून किंवा १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्यान्वये मिळवावे लागत. देवाणघेवाण या शब्दाला दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे लागते. येथे ते सारखे नव्हते. १९५१ साली भारतात धान्याची टंचाई पडली आणि अमेरिकेने १९ कोटी डॉलरचे कर्ज गव्हासाठी दिले. त्याच्या व्याजातील पहिले ५० लाख डॉलर शैक्षणिक देवघेवीसाठी राखून ठेवण्यात आले, आणि गव्हाच्या व्याजातून भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पुस्तके आली. उपासमारीच्या कर्जावर विद्या मिळविण्याचा हा प्रकार मनाला थोडा खटकतो. पण पुस्तके वाचणाऱ्यांनी ती मनापासून वाचली असतील, यात शंका नाही.

या वाटेने गेलेल्यांत ए. के. रामानुजन यांचे नाव ठळक आहे. बेळगाव आणि बडोद्यास अध्यापन करून आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास करून ते १९५९ साली फुलब्राइट विद्यावेतनावर इंडियाना विद्यापीठात गेले. पुढे शिकागोत राहून त्यांनी तमिळ व कन्नड काव्य इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. विद्यावेतन देणाऱ्याने अपेक्षिले असेल त्याहून निराळेच हे फळ. अमेरिकेत शिकावयास गेलेल्याने अमेरिकेलाच शिकविले.

योजनेच्या कर्त्याला तिचे स्वातंत्र्य जपण्यासाठी झगडावे लागले. १९५३ साली सेनेटर मॅकार्थी यांनी विद्यावेतन मिळालेल्यांच्या राजनिष्ठेवर संशय घेतला, तेव्हा फुलब्राइट यांनी त्यांना भर समितीत परतवून लावले. पुढच्या वर्षी मॅकार्थींच्या चौकशी-समितीला पैसा देण्याच्या ठरावावर ८५ मते बाजूने आणि एकच मत विरुद्ध पडले. ते एकटे मत फुलब्राइट यांचे होते. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी विरोध केला आणि १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटी योजनेच्या निधीत मोठी कपात झाली. (हेच गृहस्थ दक्षिणेतील वर्णभेदविरोधी कायद्यांना मात्र विरोध करीत राहिले; तेही नोंदवून ठेवले पाहिजे.)

१९६१ च्या कायद्याने दुसऱ्या देशांनाही खर्चाचा वाटा उचलण्याची मुभा मिळाली. भारताने २००८ साली निम्मा वाटा उचलण्याचे ठरविले, आणि त्या विद्यावेतनांना फुलब्राइट-नेहरू असे जोडनाव पडले. १९५० साली जे पारडे कलते होते, ते अशा रीतीने कागदोपत्री तरी सरळ झाले. निवडीचा प्रश्न मात्र पुन्हा वर आला. जून २०२५ मध्ये, मंडळाने निवडलेल्या उमेदवारांना सरकारने डावलले असा आक्षेप घेऊन, त्या मंडळाच्या जवळजवळ सर्व सभासदांनी राजीनामे दिले.